साहेबांची होडी

साहेबांच्या होडीचं सांगतो. डहाणूच्या आमच्या साहेबांनी हौसेनं होडी घेतली आणि तलासरीच्या तळ्यावर नेली, तर पाणी शेवाळानं हिरवंगार. वास असा, की म्हशीही उतरेनात.

"दुसरं चांगलं पाणी कुठंय?" साहेबांनी विचारलं.

हेडक्लार्क नानांचं घर बोर्डीला. तिथं बदली हवी होती. ते लगेच म्हणाले, "साहेब, आमच्या बोर्डीचा समुद्र बघा!"

रविवारी साहेबांच्या सोयीची वेळ ठरली. भरतीची वेळ कोणीच विचारली नाही. जीपवरून होडी उतरवली, तेव्हा ओहोटीनं समुद्र पार लांब गेलेला.

मासे सुकवणारी बाई म्हणाली, "साहेब, होडी आणलीत, पाणी नाय आणलं?"

नाना एकटेच हसले.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. तलासरीला, तळ्याकाठच्या ऑफिसात. खिडक्या बारा महिने बंद.