आर्डिथमावशी शाळेत चालली

आदरणीय अध्यक्ष पास्टर हॅल्व्हर्सन, व्यासपीठावर अवघडून बसलेले रोजगार कार्यालयाचे श्री. डेलमार कोट्स, समोर बसलेल्या आणि मागे कॉफीच्या किटलीला चिकटून उभ्या असलेल्या माझ्या गाववाल्यांनो, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती माझी सख्खी मावशी आर्डिथ,

मला आज नीट उभंही राहवत नाही, इतका आनंद झालाय. आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून हे भाषण माझ्या गळ्यात पडलं. मावशीने बजावलंय, "थोडक्यात बोल, आणि माझं वय सांगू नकोस." तर सत्तावन्न वर्षांची माझी मावशी सोमवारपासून कॉलेजात जाणार आहे!

(थांबा, टाळ्या शेवटी.)

आपलं हॉटेल-बुकिंगचं कॉल सेंटर बंद झालं, तेव्हा परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना सरकार शिक्षणाचा खर्च देतं असं कळलं. मावशीने अर्ज केला. उत्तर आलं, ही मदत वस्तू बनवणाऱ्यांना. तुम्ही काय बनवता? मावशी म्हणाली, "चिडलेल्या माणसाचा शांत माणूस बनवते. करून दाखवा म्हणावं!" पण हे कायद्यात बसेना. शेजारच्या टायर कारखान्यातल्यांना मदत मिळाली, आम्हाला नाही. हा कुठला न्याय? पुढे कायदा बदलला, सेवा देणारेही पात्र ठरले. तेव्हा कंपनीने नवंच काढलं: काम परदेशी गेलंच नाही, बुकिंगच घटलं! काम परदेशी गेलं हे सिद्ध झालं नाही, तर मदत नाही.

मग कोट्ससाहेब चौकशीला मावशीच्या स्वयंपाकघरात आले; मीही तिथेच होते. चेहरा आत्ता आहे तसाच. (हसा ना साहेब, आज चालतं.) "बाई, पुरावा काय?"

मावशीने फोनचा स्पीकर लावला आणि सरळ कंपनीचा बुकिंगचा नंबर फिरवला.

"नमस्कार! आज तुमच्याकडे हवा कशी आहे?" पलीकडून गोड आवाज आला.

मावशी उडालीच. "जोविलिन? तू?"

"मॅम आर्डिथ! मॅम, तुम्ही शिकवलं तसं आधी हवापाणीच विचारते!"

कारण, मंडळी, कंपनीने जायच्या आधी आमच्याच बायकांकडून नव्या मुलींना, त्या कुठल्या ते न सांगता, फोनवरून शिकवून घेतलं होतं. आणि आमच्या बायका वेड्या, जीव लावून शिकवत बसल्या.

कोट्ससाहेब पुढे वाकले. "आपण कुठून बोलताय?"

"सॉरी सर, ते सांगायला मनाई आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मावशीचा चेहरा पडला. तरी सवय कुठे जाते? ती म्हणाली, "असू दे गं. जेवलीस का?"

"कुठलं जेवण, मॅम! आज सणाची सुट्टी, सगळं सेबू शहर रस्त्यावर नाचतंय, आणि आम्ही इथे फोन उचलतोय!"

सेबू म्हणजे थेट समुद्रापार, परदेश! साहेबांनी पेन उचललं. मी टेबलाभोवती नाचत होते. पण मावशीने साहेबांचा हात धरला. "तिचं नाव लिहायचं नाही हं. एक बाई घरी बसली तेवढी पुरे."

"मग पुरावा राहत नाही, बाई."

"नाही तर नाही."

साहेबांनी अर्जाचं पान उलटलं. मग म्हणाले, "कंपनीचा फोन परदेशात उचलला जातो हे मी स्वतः ऐकलं, एवढंच लिहिलं तर चालेल?"

चाललं! आपल्या साऱ्या बायका पात्र ठरल्या.

कोट्ससाहेब, तुमचे आभार. पास्टर, तळघराचं हे सभागृह दिलंत, हीटरही लावलात, आभार. सफरचंदाचा गोड 'पाय' भाजून आणणाऱ्या माझ्या आईचे आभार. उत्साहाच्या भरात कोणाला खुपलं असेल, तर लहान समजून सोडून द्या.

मावशी, दाताच्या डॉक्टरची मदतनीस व्हायला निघालीस. वर्गात सगळी पोरं तुझ्या नातवंडांएवढी असतील. लाजायचं नाही. मागच्या बाकावर तर मुळीच बसायचं नाही. तुझी जागा तू मिळवली आहेस, आणि दुसऱ्या कोणाची न हिरावता.

आता टाळ्या!