सेट स्क्वेअरखालची नाणी

माझ्या लेकीचं ऐका. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला गेली, तसा मी तिला माझा जुना सेट स्क्वेअर, म्हणजे नकाशे काढायची त्रिकोणी पट्टी, दिला. त्याच्या खालच्या बाजूला चिकटवलेली नाणी बाईसाहेबांनी सोलून टाकली. "लई घाण दिसत होतं, आई!"

मी डबा भरून तिला कॉलेजला धाडलं.

दुपारी कॉलेजातून रडवेला फोन. "पट्टीखाली शाई ओढली गेली, सगळं शीट फिसकटलं!"

"म्हणूनच नाणी लावतात, बाई. पट्टी कागदाला टेकत नाय, मग शाई पसरत नाय."

परत नाणी चिकटवून काढलेल्या नव्या शीटचं सरांनी कौतुक केलं. विचारलं, "नाणी लावायला कुणी शिकवलं?"

ही ताठ मानेनं म्हणाली, "औरंगपुऱ्यातल्या निम्म्या दुकानांचे नकाशे ज्या बाईनं याच पट्टीनं काढले, तिनं."

चारच दुकानांचे नकाशे काढलेत हो मी. पण मी काही तिला टोकलं नाय.