फक्त कागदावर

कर कचेरीच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक भाऊ-बहीण उभे होते. शिंपीणबाईंनी नजर पंख्याकडे लावली, पण कान पुढेच.

“ताई, तुझ्या पगाराला करच बसत नाही. मग मुलांची सवलत तुझ्या काय कामाची?”

“म्हणून चिमी तुझ्या नावावर दाखवायची?”

“फक्त कागदावर. आमच्याकडे राहते, एवढंच लिहायचं. कर वाचेल त्यातून तिची फी भरतो मी.”

“परवापरवापर्यंत भाचीची चौकशी नव्हती तुला. आता दर शनिवारी पोहायला नेतोस, वर फी भरतोस. कुठेतरी पाणी मुरतंय.”

“मामाने भाचीचे लाड करायचे नाहीत?”

“वहिनीला विचारलंस?”

“ती तर माझ्याहून खूश आहे. खोलीसुद्धा रंगवून घेतली तिने.”

“कुठली खोली?”

“मागची. आम्ही दोघंच, रिकामीच होती ना.”

“कागदावर राहणारीला खोली कशाला लागते रे?”

“अगं, कुणी तपासायला आलं, तर दाखवायला नको?”

“रंग कुठला दिलात?”

“जांभळा. चिमीनेच निवडला, गेल्या शनिवारी.”

“शनिवारी ती पोहायला गेली होती.”

भावाने हातातला अर्ज उलटा केला, परत सुलटा केला.

“ताई, चल. नंबर आला आपला.”

बहीण मागे वळली.

“बाई, तुम्ही व्हा पुढे. मी घरी जाते. लेकीला विचारायचंय, पोहणं कुठवर आलं.”