तळ्याकाठचा फोटो

भाऊ : साडेदहाला बाई आल्या, अकराला गेल्या. सगळं घर पाहिलं. आणि त्या एका फोटोपाशी माझ्या तोंडून खोटं गेलं.

बहीण : मला आधी चप्पल तरी काढू दे. दारातच काय धरतोस? खोली आवडली का, ते सांग.

भाऊ : आवडली. तेच तर. खिडकीखालचा पलंग आवडला, पुस्तकांचं बुटकं कपाट आवडलं. दिवा लावून पाहिला, बंद करून पाहिला. कोर्टाकडून घर बघायला आलेलं माणूस इतकं बारकाईने बघतं, हे मला ठाऊक नव्हतं. मग भिंतीपाशी थांबल्या. म्हणाल्या, फोटो इतके खाली का लावलेत?

बहीण : मग? मी पढवलं होतं ते सांगितलंस ना?

भाऊ : सांगितलं. माझी बहीण लोकांची घरं सजवते, ती म्हणते भिंत मुलीची आहे तर फोटो मुलीच्या नजरेला यायला हवेत, मोठ्यांच्या नाही. बाईंना इतकं पटलं की वाकून बघायला लागल्या. वाकल्या म्हणूनच तो दिसला. खालच्या ओळीत, अगदी टोकाला. तळ्याकाठी बिट्टी आणि तिचा बाप, मी. ताई, तो फोटो मी बाईंच्या बरोबरच पहिल्यांदा पाहिला.

बहीण : काल संध्याकाळी लावला मी. तू कामावर होतास. म्हटलं, घरी येशील, बघशील, खूश होशील.

भाऊ : दवाखान्याची लिफ्ट अडकली होती. रात्रभर ती दुरुस्त करून थेट दहाला दारात आलो. तोंड धुतलं आणि बेल वाजली.

बहीण : मला काय माहीत तू भिंतीकडे न बघताच दार उघडशील. काय विचारलं त्यांनी?

भाऊ : कुठला हा, म्हणाल्या. मी म्हटलं, तळ्याकाठचा. कधीचा? गेल्या वर्षीचा. जीभच आधी बोलली, मी मागून पोचलो.

बहीण : मग चुकलास कुठे? बिट्टी गेल्या वर्षीच गेली होती तळ्यावर.

भाऊ : आईबरोबर गेली होती. माझ्याबरोबर नाही. गेल्या वर्षी मला तिला कोर्टाच्या त्या भेटीच्या खोलीबाहेर न्यायची परवानगीच नव्हती. फोटो खरा धरला तर मी नियम मोडला. खोटा धरला तर मी लबाड. दोन्हीकडून शनिवार गेला.

बहीण : बाई काही बोलल्या?

भाऊ : या बाई नव्या आहेत, आधीच्या बदलून गेल्या. अजून सगळे कागद वाचले नसावेत. आज ना उद्या वाचतीलच. शनिवारची रात्र बिट्टीने इथे राहायचं की नाही, हे त्यांच्या शब्दावर आहे. आणि त्यांना मी पहिल्याच भेटीत हे सांगितलं.

बहीण : जरा श्वास घे. पाणी पी.

भाऊ : पाणी नको. तू हा बनवलास कसा?

बहीण : संगणकावर. तुझा मावसभावाच्या गच्चीवरचा फोटो घेतला, हसतोस तो. तुझे हसरे फोटो शोधायलाच अर्धा दिवस गेला. आणि बिट्टीचा तळ्यावरचा. इतका बेमालूम जमला की मलाच वाटलं, तू गेला होतास.

भाऊ : तिची सावली डाव्या हाताला पडलीय. माझी पडलेलीच नाही.

बहीण : काय?

भाऊ : जाऊन बघ. बाई गेल्यावर मी तिथेच उभा होतो, तेव्हा दिसलं. त्यांना दिसलं की नाही, देव जाणे.

बहीण : भिंत बघितली होतीस का तू आधी? बाळ असतानाची, पहिलं पाऊल टाकतानाची, तुझ्या खांद्यावर बसून लिफ्टची चाकं बघतानाची. सहा वर्षांची होईपर्यंत ओळीने फोटो आणि पुढे कोरं. जसं काही त्यानंतर पोरगी वाढलीच नाही. दात पडल्यासारखी दिसत होती भिंत.

भाऊ : कोर्टाच्या त्या खोलीत फोन बाहेर ठेवायला लावायचे. फोटो कुठून येणार होते? म्हणून तर तुला म्हटलं होतं, पुढची जागा कोरी ठेव. इथले लागतील तिथे.

बहीण : कोरी जागा मला बघवत नाही रे. धंद्याची खोड. बिल्डरच्या नमुना फ्लॅटमध्ये मी काय करते? चौकटीत एक हसतं कुटुंब लावते. आई, बाप, दोन मुलं. ती कोण, कुठली, मलाही माहीत नसतं. पण लोक त्यांच्याकडे बघतात आणि म्हणतात, हो, इथे राहता येईल.

भाऊ : आणि ते राहायला आले की तू ती चौकट काढून नेतेस. इथे मी राहतो, ताई.

बहीण : बरं. माझं चुकलं. काय करायचं बोल.

भाऊ : बिट्टीचा फोटो आला कुठून?

बहीण : ते आता कशाला?

भाऊ : कुठून आला?

बहीण : वहिनीच्या स्टेटसवरून. तिनेच काढलेला आहे.

भाऊ : म्हणजे तिने नुसता बघितला तरी ओळखेल. आणि तू तिचं स्टेटस बघतेस?

बहीण : तिने मला काढून टाकलं नाही, मीही टाकलं नाही. आमचं भांडण नव्हतं.

भाऊ : दोन वर्षं बघतेस. आणि मला एकदाही सांगितलं नाहीस.

बहीण : सांगून काय झालं असतं? तू आधीच अर्धा झाला होतास. वाढदिवस बघितला असतास, सहल बघितली असतीस, नवा दात बघितला असतास, आणि कामावर लिफ्टच्या खड्ड्यात डोळे पुसत बसला असतास.

भाऊ : बसलो असतो. पण मला माझी मुलगी मोठी होताना दिसली असती.

बहीण : ते सोड. आता पुढे काय?

भाऊ : मी बाईंना फोन करतोय. दोनदा लावला, उचलत नाहीत. खरं काय ते सांगून टाकतो.

बहीण : वेडा आहेस का? काय सांगणार? बहिणीने फोटो बनवला आणि मी त्याला तारीख चिकटवली? त्यापेक्षा तो उतरव. बिट्टी पाचला खोली बघायला येईल, तिच्या नजरेला पडायला नको. बाईंनी पुन्हा विचारलं तर म्हण, कुठला फोटो?

भाऊ : बाईंनी भिंतीचे फोटो काढून नेलेत. अहवालाला जोडायला.

बहीण : सगळ्या भिंतीचे?

भाऊ : सगळ्या. आणि तळ्याचा वेगळा, जवळून. गोड आहे म्हणाल्या.

बहीण : अरे देवा. तरी उतरव. मुलीसमोर तरी नको. ती बघताक्षणी म्हणेल, हे कधी झालं?

भाऊ : ते मला मान्य आहे. तिच्याशी खोटं नको. धर ही चौकट. माझ्या कपाटात आत ठेव.

बहीण : खिळा?

भाऊ : राहू दे. काढायला गेलो तर रंग निघेल. बेल वाजली बघ. आली.

मुलगी : आत्या, तू पण आहेस? बाबा, तुझ्याच इमारतीची लिफ्ट बंद आहे. मला सोडायला आलेला मामा खाली हसत होता, म्हणाला डॉक्टरच्याच घरी खोकला.

भाऊ : सकाळपासून बंद आहे. मी आज सुटी टाकली, तर इथलीही कोणी बघत नाही. ये आत. दमलीस?

मुलगी : नाही. ही माझी खोली?

बहीण : तुझीच. पलंगावर बसून बघ, खिडकीतून झाड दिसतं. कपाटाचा वरचा कप्पासुद्धा तुझ्या हाताला लागतो, उडी मारायला नको.

मुलगी : दिवा छान आहे. आणि हे फोटो... ही मी? काय गबदुल होते. बाबा, इथला फोटो कुठे गेला?

भाऊ : कुठला?

मुलगी : इथे खिळा आहे ना, इथला. तळ्याचा.

बहीण : तुला गं कोणी सांगितलं इथे तळ्याचा फोटो होता?

मुलगी : बाईंनी. दुपारी आमच्याकडे आल्या होत्या. माझ्याशी एकटीशी बोलायचं म्हणाल्या. फोनमध्ये तुझी भिंत दाखवली. म्हणाल्या, ओळख बघू, हा कुठला? मी लगेच म्हटलं, तळ्यावरचा. म्हणाल्या, बाबांबरोबर गेली होतीस?

भाऊ : आणि तू काय म्हणालीस?

मुलगी : हो म्हणाले.

भाऊ : बिट्टे, का?

मुलगी : फोटोत तू होतास ना.

भाऊ : मी तिथे नव्हतो, बाळा. तुला माहितीये.

मुलगी : माहितीये. पण नाही म्हटलं असतं तर त्या तुला खोटारडा म्हणाल्या असत्या. मग मला शनिवारी राहू दिलं नसतं.

बहीण : आईने पाहिला का तो फोटो?

मुलगी : नाही. आई गॅलरीत फोनवर बोलत होती. मी निघाले तेव्हा बाई अजून बसल्या होत्या. म्हणाल्या, आईशी दोन शब्द बोलून निघते.

भाऊ : ताई, मी मघाशी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं. आता सांगितलं तर ही खोटं बोलली, हेही सांगावं लागेल.

बहीण : म्हणून तर म्हणते, घाई नको. आधी वहिनीशी बोलू. मी बोलते. माझं ऐकेल ती.

भाऊ : तिच्या शेजारी आत्ता बाई बसल्यात.

(फोन वाजतो.)

बहीण : कोण?

भाऊ : बाईच आहेत.

बहीण : उचलू नकोस. नंतर लाव. निदान काय बोलायचं ते ठरू दे.

भाऊ : बिट्टे, तू जरा आत्याबरोबर बाहेरच्या खोलीत जा.

मुलगी : थांब, बाबा. तळ्याचं पाणी खूप गार होतं. मी एकच पाय घातला होता. विचारलं तर एवढं सांग.