वरून दिसणारा गडगा

राजापूरची गाडी रत्नागिरी स्टँडातून निघाली, तेव्हा नम्रताच्या पुढच्या सीटवर काका-पुतण्याची जुंपलेलीच होती.

"एकदा उडवायचे चार हजार? पतंगाचे?"

"ड्रोन आहे तो, काका."

"पतंगाला निदान मांजा तरी लागतो. तुला काळं कुत्रं विचारणार नाही रे, ऋत्विक!"

"पहिलं काम मिळालंसुद्धा. शेजारच्या तात्यांचं."

"तात्याचं? पाहुण्याच्या चहात दूध घालताना त्याचा हात थरथरतो. तो चार हजार देणार?"

"दिले. त्यांना बाग विकायचीय. मुंबईच्या गिऱ्हाइकाला ती वरून दाखवायची होती."

"वरून काय दिसणार? आंब्याचे शेंडे!"

"आपल्या दोघांच्या बागांमधला दगडी गडगाही दिसतो. सगळा सरळ आहे. फक्त विहिरीपाशी तात्यांच्या बाजूला पोट सुटलंय त्याला. त्यांची चार कलमं आपल्यात आलीत."

काकांनी मागे-पुढे बघून आवाज खाली आणला.

"फोटो दिलेस त्याला?"

"का?"

"देऊ नकोस. मी पाच देतो."

"पतंगाचे?"

"मेल्या, घरचा ना तू?"

"कालच पाठवले, काका. गडगा रचताना तुम्हीच म्हणाला होतात ना, कुणाला दिसतंय म्हणून?"

कंडक्टर येऊन उभा राहिला.

"दोन राजापूर?"

"एकच द्या," काका म्हणाले. "याचं हा बघेल. मोठा धंदेवाला झालाय."