माझ्या पुतळ्याचे डोळे

...तर नाही म्हणायचं कसं, तुम्हीच सांगा! समोर रेवणप्पा उभा, हातात नारळ, तोंडभर हसू, आणि म्हणतो, "नाना, औंदा तुमचा नंबर की ओ!" नंबर! आता आमच्या कलोद्योग मंदिरात नंबर लागणं म्हणजे काय, हे सोलापुरात कुणालाही विचारा.

मंदिर चांगलंच आहे हो. मीच काढायला लावलं! मास्तरकीतून पेन्शनीत निघालो, वेळ जाईना, रेवणप्पाचं सरकीचं गोदाम अर्धं रिकामं, मग तिथं दुपारी बायकांचं भरतकाम, पोरांच्या वेताच्या टोपल्या, आणि गिरणीचा भोंगा झाला की शाडूकामाचा वर्ग. शिकवायला शिवप्पा, गणपती करणारा. रेवणप्पा त्याला म्हणाला, "देवाची तोंडं पुरे, आता गावातल्या मोठ्या माणसांची कर." झालं! पहिले वीरभद्रप्पा अडत्ये. पुतळा असा हुबेहूब, की त्यांच्या सुनेनं समोर येताच पदर घेतला! आता शिवप्पाची रीत मूर्तिकाराची, डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे. इकडे पुतळ्यानं डोळे उघडले आणि आठवडा उलटायच्या आत तिकडे वीरभद्रप्पांनी मिटले. म्हटलं, वय झालं होतं. दुसरा भीमा पैलवान. हे एवढं मनगट! त्याच्या पुतळ्याचे डोळे उघडले, हार घातला, पेढे वाटले, आणि भीमाला साधा ताप आला तो गेलाच की! आता मला सांगा, कलेला माझी ना नाही, पण जीव एकच असतो हो!

घरी सांगितलं, तर आमची ही म्हणते कशी, "बसा की! जन्मात एकदा तरी गप्प बसलेले दिसाल." आणि हसत सुटली! बसलो. काय करतो? स्टुलावर मी, समोर मातीचा गोळा, आणि रोज त्या गोळ्यातून माझंच नाक, माझाच कान बाहेर येतोय... शिवप्पा म्हणतो, "नाना, हलू नका, गळ्याची शीर उडतीया." म्हटलं, "उडू दे रे बाबा! उडतीय तेच बरं आहे!"

मग मी काय काय केलं! खोकला काढला. पाठ धरली. शेवटी मिशी काढून गेलो, म्हटलं आता पहिल्यापासून करेल, तेवढंच लांबेल. त्यानं बघितलं, नखानं पुतळ्याची मिशी खरवडली, आणि पुन्हा कामाला लागला! तेवढ्यात रेवणप्पा संगमरवरी पाटी घेऊन आला. वर माझं नाव, खाली जन्मसाल, त्यापुढं एक आडवी रेघ, आणि त्यापुढं... काही नाही. गुळगुळीत! म्हटलं, "रेवणप्पा, हे काय?" तर म्हणतो, "जागा सोडलीय की नाना. नंतर पाटी काढून, पुन्हा बसवून, कशाला व्याप?" मी त्या जागेवरून बोट फिरवलं. गार होती हो. कलेला माझी ना नाही, पण जीव एकच असतो!

आता नुसते डोळे राहिले. मी सरळ शिवप्पाचे पाय धरायला वाकलो, तर तो दोन पावलं मागं सरला. बघतो तर त्यानं कोरणी फडक्यात गुंडाळून ठेवलीय! "नाना, मलाबी झोप न्हाय," म्हणाला. "भीमाचं डोळं ह्याच हातानं उगडलं. तुमचं न्हाय उगडायचं. मिटलेलंच ठेवतो, ध्यानाला बसल्यागत." मला रडूच आलं! मिटलेले डोळे! एवढी साधी युक्ती!

समारंभाला मी पहिल्या रांगेत, नवा फेटा, शेजारी ही. पाहुणे पंढरपूरकडचे निवृत्त मामलेदार, मला कधी न पाहिलेले. त्यांनी फडकं ओढलं... मिटलेले डोळे, गळ्यात हार, खाली पाटी, पुढं समई. मामलेदारांनी हळूच पगडी नीट केली, आवाज खाली आणला, आणि म्हणाले, "नाना आज आपल्यात नाहीत."

मी हात वर केला. खरं सांगतो, केला! रेवणप्पानं दाबून खाली घेतला. "पाव्हणं बोलायलेत की! मधी कसं अडवायचं?" आणि बोलत काय होते म्हणता! माझी शाळा, माझी शिस्त, गरिबांच्या पोरांना घरी बसवून शिकवलं ते... कुणी सांगितलं कुणाला ठाऊक, पण सगळं खरं. मागं कुणीतरी हुंदका दिला. मग भरतकामाच्या बायका. मग गिरणीतले माझे जुने विद्यार्थी, बापे माणसं, ढसाढसा! मी समोर बसलेला दिसतोय, तरी माझ्याकडे बघत रडतायत! शेवटी दुखवट्याचा ठराव, सगळ्यांनी उभं राहून. मीही राहिलो. ठरावाला बसून कसं चालेल? आणि शेजारी आमची ही, जी हसत सुटली होती ना, ती... मंगळसूत्र मुठीत आवळून, ओठ घट्ट मिटून उभी. तेव्हा मात्र मी मनापासून भ्यालो. माझ्यासाठी नाही हो, तिच्यासाठी.

कलेला माझी ना नाही, पण जीव एकच असतो... आणि तो अजून आहे बघा, हा नाडीला हात लावा! पण चालायला निघालो की लोक बाजूला होतात, हात जोडतात, डोळे पुसतात. एवढं गाव मनापासून रडून मोकळं झालंय... आता जगत राहायचं म्हणजे, खरं सांगू, मलाच ओशाळल्यासारखं होतंय.