पाळण्याची दोरी

—व्हय, मराठीच लिवा की. शरणम्मा, मराठी. घरात कोण काय बोलतं एवढंच इचारायला आलाय न्हवं? मग आमचे मालक कन्नड, पोरगा महेश्वर कन्नड — दुकानात अक्कलकोटची गिऱ्हाइकं येतात, तितं लागतंच — आणि पोरगी धनलक्ष्मी नुसती मराठी. का म्हंजे? बसा तितं, तवा तापलाय, मला हात थांबवता येत न्हाय.

पोराला ह्यांनी गल्ल्याशेजारी बसवून शिकवलं. पोरीच्या वक्ताला म्हणाले, हिच्या बोलण्यात कानडी हेल आला तर चांगलं स्थळ येणार न्हाय. माज्या नणंदेला बघायला आलेले तेवढ्यासाठीच उटून गेले हुते, ते ह्यांच्या मनात. मग काय — मीच मराठीवर आले. तोंडात आलेलं कानडी गिळायचं. आणि पोरगी शेजारपाजारी ऐकून कानडी काय बोललीच, तर मांडीला चिमटा. म्याच काडायचा, दुसरं कोण? चार वर्साची हुती ओ, लई रडायची.

परवा महेश्वरच्या लेकीचं बारसं झालं. आमच्यात पाळण्याची दोरी धरून आत्यानं जोगुळ म्हणायचं असतं, कन्नडमदलं पाळणागीत. धनलक्ष्मी दोरी धरून नुसती उबी. कर्नाटकातनं आलेले इंडीचे व्याही एकमेकांकडं बघायला लागले, तर हे हसत म्हणाले, "पोराला येतं सगळं. पोरीला हिनंच शिकवलं न्हाय." हिनं! तीस वर्सं मी तोंड दाबून काडली ती कुणाच्या सांगण्यावरनं? त्या माणसाला जराबी लाज वाटली न्हाय. शेवटी सुनेनं मोबाइलवर लावलं जोगुळ, उरकलं.

मला? मला येतं की. माजी आई निंगव्वा गल्लीतल्या सगळ्या बारशांना म्हणायची, सगळी कडवी पाठ हायत मला. मग का म्हणले न्हाय — तुमीबी लई इचारता हां. पोरगी माज्याकडंच बघत हुती. तिच्यासमोर म्हणले असते तर तिला कळलं असतं, आईकडं हे सगळं हुतं आणि आईनं आपल्यालाच दिलं न्हाय. म्हणून मान खाली घातली. वाटू दे, आईबी विसरली.

जाताना दारात माजा हात धरला तिनं. म्हणाली, "तूबी विसरलीस की आई. जाऊ दे, तुजा काय दोष."

व्हय म्हणले मी. व्हय म्हणले की तिला...

हे काय, लिवताय व्हय? खोडा ते. खोडा आदी. आणि उटा आता, माजी भाकरी करपली.